डेगीत काय होतं

श्रावणातल्या सोमवारी आमच्या भांड्यांच्या दुकानात कुणी आलं, तर मी त्याला तोंडानं भाव सांगत नाही. पाटीवर लिहून दाखवतो. कलबुर्गीकडच्या आमच्या आळंदच्या बाजारात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. नवं गिऱ्हाईक असलं, की शेजारचा कापडवाला त्याच्या ओट्यावरूनच सांगतो, "मालकांना आज बोलता येत न्हाई. दिवा लागला की येतंय परत." ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला काही दुखणंबिखणं असेल. तो हळहळतो आणि त्या हळहळीत घासाघीस न करता कुकर घेऊन जातो. हा फायदा आधी कुणी सांगितला असता, तर मी पंचविशीतच गप्प झालो असतो.

पण गप्प बसणं हा काही माझा पिंड नव्हे. आमच्या खानदानात कुणाला हिशेब येतो, कुणाला शेती येते, मला बोलणं येतं. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की मला मधोमध बसवायचं आणि भोवती सगळ्यांनी बसायचं, ही जुनी रीत. दुकानातही तेच. भांड्यावर नाव टाकायचं मशीन एका हातात टर्रर्र करतंय आणि तोंड दुसरीकडं चाललंय. उमरग्याचं गिऱ्हाईक असलं तर मराठीत, कलबुर्गीकडचं असलं तर कन्नडमध्ये, आणि कल्हईवाले चाचा आले की दखनीत. गोष्ट तीच, पण प्रत्येक भाषेत थोडी वाढायची. बोलण्याच्या नादात एकदा मी सासऱ्याचं नाव जावयाच्या तांब्यावर टाकून ठेवलं होतं. तो तांब्या अजून आमच्या घरात आहे. आम्ही त्यानंच पाणी पितो.

ब्लॉगचं खूळ लेकीचं. ती शिकून पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला निघाली, तेव्हा घरातला तिचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात बांधून गेली. म्हणाली, अप्पा, तुमच्या गोष्टी इथं लिहीत जा, मी तिकडं वाचीन. मी विचारलं, ब्लॉग म्हणजे काय गं. ती म्हणाली, आपल्या ओट्यावर बसून बोलल्यावानीच असतंय, फक्त ऐकणारा दिसत न्हाई. मला ते जरा विचित्र वाटलं. ऐकणारा दिसत नसेल तर तो हसला की नाही हे कसं कळायचं?

तरी सुरुवात जोरात झाली. मी एका बोटानं टाइप करायचो. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटायचं. मला त्याची इतकी गंमत वाटायची की मी नुसतं 'ळ' काढून बघत बसायचो. बायको मागून जाताना म्हणायची, "ज्वारीतले खडे निवडायलाव का काय?" खडे तर खडे. तुरीच्या हंगामाआधीचे ते दिवस मी भलत्याच तोऱ्यात होतो. औषधाच्या दुकानदारापासून बसस्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माझ्या ब्लॉगचा पत्ता पाठ करायला लावला होता. त्यातल्या निम्म्यांकडं कॉम्प्युटर नव्हता, पण पत्ता पाठ होता.

आणि मग मी ती डेगीची गोष्ट लिहायला घेतली.

आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दुकान नवं घातलं तेव्हा सोलापूरहून एक मोठी तांब्याची डेग आणली होती. गावजेवणाला भात शिजवायची असते तसली, दोन माणसांनी उचलायची. ती बसच्या टपावर बांधून अक्कलकोटमार्गे आळंदला आली, बैलगाडीतून दुकानापुढं उतरवली आणि उतरवताच आतून आवाज आला. इथपर्यंत मी लिहिलं. लिहून झालं आणि मला इतकं उत्तम वाटलं, की मी खाली टाकलं, 'झाकण उघडलं तर आत काय होतं? उरलेलं उद्या.'

ते उद्या काही उगवलं नाही. आधी लाईट गेली. मग तुरीचा पैसा गावात आला आणि गिऱ्हाईक वाढलं. मग लग्नसराई, म्हणजे आमची खरी सुगी. मग ऊन. ऊन हे काही न लिहायचं कारण होऊ शकत नाही असं लेक म्हणाली, पण ती पुण्यात बसून म्हणत होती. एकदा इंटरनेटचं डोंगल बिघडलं म्हणून मी आठवडाभर खुशीत होतो, आणि नीट झालं तेव्हा मला वाईट वाटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की रोग डोंगलात नाही.

रोग कुठं होता ते सांगतो. पत्ता पाठ असलेले सगळे येता-जाता विचारायचे, मालक, डेगीत काय हुतं ओ? आणि मी त्यांना सांगून टाकायचो. विचारल्यावर न सांगणं मला जमत नाही. चहावाल्याला सांगितलं की आत चोर होता. तो इतका रंगला, की औषधवाल्याला सांगताना मी माकड काढलं. कापडवाला शेजारचा, त्याला कमी कसं द्यायचं, त्याला बिबट्याचं पिल्लू दिलं. प्रत्येक वेळी मी डेगीतला आवाज तोंडानं काढून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे, आणि मी घरी यायचो तो अगदी रिकामा होऊन. कॉम्प्युटरपुढं बसलो की डोकं धुऊन पालथ्या घातलेल्या घागरीसारखं. काय लिहायचं? सगळं तर सांगून झालेलं.

मोबाईलवरचं बोलणं तेव्हा चहापेक्षा स्वस्त झालं होतं. रविवारी लेकीचा फोन आला की मी आठवड्याचं सगळं तिच्या कानात ओतायचो. अशाच एका रविवारी, पावसाळा लागला होता तेव्हा, तिनं विचारलं, अप्पा, ते झाकण कधी उघडायलाव? मी म्हणालो, आत्ता उघडतो की, ऐक. तर ती म्हणाली, सांगू नगा. मी म्हणालो, अगं ऐक तर, बस थांबली आणि... तिनं फोन ठेवला. माझ्या पोटच्या पोरीनं. मी मोबाईल हातात धरून बघतच राहिलो.

पुढच्या रविवारीही तेच. गोष्टीचं तोंड दिसलं की फोन बंद. मग बोलायला काय उरलं? तिकडं पाऊस आहे का, भाकरी मिळते का, घरमालक बरा आहे का. तीन प्रश्न, तीन उत्तरं, रविवार संपला. एका रविवारी तर तिचा फोनच आला नाही, मीच केला. मग मात्र मी भ्यालो. लेक लांब गेली होती ती बसनं. आता ती खरोखरची लांब चालली होती, आणि तिला परत बोलवायला माझ्याकडं गोष्टीशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी चिडून तिला म्हणालो, बापाचं ऐकून घ्यायला तुला वेळ नाही का. ती म्हणाली, "अप्पा, तुमी फोनवर सांगिटलेलं त्याच दिवशी संपतंय. लिव्हलेलं मी बसमधी वाचतेय, जेवताना वाचतेय, परत वाचतेय. हितं दिवसभर माझ्यासंगं आपल्यावानी कुणी बोलत न्हाई. सात-आठ महिने झाले, मी त्या डेगीपाशी उभी हाय. गावातल्या समद्यांना दावलंव, मलाच तेवढं न्हाई."

ज्याच्याकडं कशावरही उत्तर असतं त्याला उत्तर सुचलं नाही, की तो बायकोवर घसरतो. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, पोरीला वाटतं मी उगाच बडबडतो, मला काय गप्प बसता येत नाही का? बायको कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "सोमवारी श्रावण सोमवार हाय. धरा माझ्यासंगं मुका सोमवार. बगू."

मुका सोमवार ही तिच्या भालकीकडच्या माहेरची रीत. श्रावणातल्या सोमवारी अंघोळ झाली की तोंड बंद, ते संध्याकाळी दिवा लावून पान वाढेपर्यंत. ती लहानपणापासून धरते. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मला वाटलं होतं, रुसली. मी दिवसभर तिची समजूत काढत होतो.

पहिल्या सोमवारी मी अंघोळ मुद्दाम उशिरा केली. दुकान उघडलं, पाटी-पेन्सिल घेतली, कापडवाल्याला खुणेनं सगळं समजावलं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं पानवाल्याला बोलावून आणलं. तासभर बरा गेला. मग अक्कलकोटकडची दोन माणसं लग्नाची भांडी बघायला आली. त्यातला एक दुसऱ्याला सांगायला लागला की ह्याच दुकानाच्या डेगीत एकदा चोर निघाला हुता, पिस्तूल घेऊन. चोर माझा होता, हे मला कबूल. पण पिस्तूल कुणी घातलं? माझ्या गोष्टीत माझ्या परवानगीशिवाय पिस्तूल! मी ओरडलो, "पिस्तूल नव्हतं!"

दुकानाच्या मागंच आमचं घर, तिथून बायको आली. ती बोलू शकत नव्हती. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं आणि एक बोट वर केलं, म्हणजे एक सोमवार गेला. कापडवाला ओट्यावर आडवा होऊन हसत होता.

दुसरा सोमवार मी जिद्दीला पेटून धरला. आणि त्या दिवशी देवानं माझी परीक्षा घ्यायची म्हणून चहावाला, औषधवाला आणि कापडवाला तिघंही एकाच वेळी माझ्या दुकानापुढं आणून उभे केले. विषय निघाला डेगीचा. चहावाला म्हणाला चोर. औषधवाला म्हणाला, चोर न्हाई, माकड, मला स्वतः मालकांनी सांगिटलंय. कापडवाला दोघांना मूर्खात काढून म्हणाला, बिबट्या हुता, मी शेजारी हाय, मला जास्त ठावं. भांडण चढत गेलं. शेवटी तिघंही माझ्याकडं वळले. कापडवाला म्हणाला, "आता कामून गप? सांगा की ओ मालक, कोण खोटं बोलायलंय?"

खोटं कोण बोलत होतं ते मला पक्कं माहीत होतं. ओठ इतके गच्च मिटले होते की दात दुखले. घशापाशी सगळी गोष्ट येऊन ठेपली होती. आतल्या दारात बायको उभी. मी पाटीवर 'थांबा' असं लिहून ती गल्ल्यावर ठेवली आणि तडक आत कॉम्प्युटरपुढं जाऊन बसलो. लाईट होती. बोटं अशी शिवशिवत होती की मी आयुष्यात पहिल्यांदा दोन बोटांनी टाइप करायला घेतलं.

आणि अडकलो. खरंच काय होतं आत? चोर मी घातला होता. माकड मी घातलं होतं. इतकं काही घातलं होतं की खरं जे होतं ते तळाला जाऊन बसलं होतं. मी उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. ती डेग अजून आहे. गावजेवणाला भाड्यानं जाते, पोचे पडलेत, पण तांबं ते तांबं. मी तिच्यापुढं बसलो आणि, काय करावं कळेना म्हणून, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं. दोनदा.

ती घुमली. मी ताडकन उठलो. एक म्हातारी होती! इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि तिच्यातली म्हातारीच हरवून बसलो होतो.

धावत येऊन लिहायला लागलो. काय लिहिलं ते थोडक्यात असं. डेग ओट्यावर ठेवली आणि आतून जो आवाज आला तो कुठल्या जनावराचा म्हणावा असा नव्हता. विहिरीत रेडा पडून हंबरतोय असा. सगळा बाजार गोळा झाला. कुणी म्हणालं भूत, कुणी म्हणालं वाघ. बसस्टँडपासून बैलगाडीत त्या डेगीवर हात ठेवून आलेले आमचे अण्णा हळूच गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी लहान, मी त्यांच्या धोतरामागं. झाकणाच्या दोरीला हात लावायची कुणाची छाती होईना. आतून आवाज आला की गर्दी मागं सरायची, थांबला की पुढं यायची.

तेवढ्यात गर्दीतून एक धनगराची म्हातारी आली. बसस्टँडवर रडून आलेली, डोळे लाल. ती उभी राहिली, कान दिला, आणि चेहरा असा उजळला की विचारू नका. पुढं जाऊन तिनं डेगीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. दोनदा. आतला रेडा गप्प झाला. मग अगदी बारीक आवाज आला, म्यॅं.

झाकण काढलं तर आत करडू. हातभर. कपाळावर पांढरा ठिपका. अक्कलकोटला हिनंच हमालाच्या हाती ते टपावर दिलं होतं आणि त्यानं वारा लागू नये म्हणून डेगीत ठेवलं. आळंदला गर्दीत म्हातारी खाली उतरेपर्यंत डेग गाडीत गेली, बस कलबुर्गीला गेली, आणि तिला वाटलं आपलं करडू बसबरोबर गेलं. एवढुसा जीव, पण तांब्याच्या पोटात त्याचा आवाज वाघाएवढा झालेला. म्हातारीनं करडू पदरात घेतलं, डेगीच्या काठावरून हात फिरवला आणि अण्णांना, जे आता गाडीच्या अलीकडं आले होते, म्हणाली, "भांडं झ्याक हाय बापू. लेकराला वारा लागू दिला न्हाई."

आमच्या दुकानाला मिळालेली ती पहिली शाबासकी. अण्णांनी ती डेग शेवटपर्यंत विकली नाही, ते याच्यासाठी. आणि मी? मी गोष्ट सांगताना डेगीतला आवाज काढायचो, लोक हसायचे, आणि लोक हसले की मी थांबायचो. म्हातारी बिचारी गर्दीतून पुढं येईपर्यंत माझी गोष्ट संपलेली असायची. कॉम्प्युटरपुढं कुणी हसलं नाही, म्हणून मला पुढं जावं लागलं, आणि पुढं गेलो तर तिथं ती उभी होती.

लाईट दोनदा फडफडली. दोन्ही वेळा मी देवाला हात जोडले, तेही तोंडातून शब्द न काढता. मागं बायको येऊन उभी होती. ती वाचत होती हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. म्हातारीपाशी आल्यावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही. मी बटण दाबलं. गोष्ट ब्लॉगवर गेली. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, गल्लीत जाऊन ओरडावंसं वाटत होतं, आणि दिवा लागायला अजून अवकाश होता. मी नुसता घरभर फिरत होतो. बाहेर येऊन बघतो तर ते तिघं अजून गल्ल्यापाशीच, 'थांबा' असं लिहिलंय म्हणून थांबलेले. पण भांडण मिटलं होतं. आता औषधवाला त्याच्या आजोळच्या घोड्याची गोष्ट सांगत होता. मी स्टूल ओढून बसलो. मधे बोलायची सोय नव्हती, त्यामुळं अख्खी ऐकली. तीस वर्षं तो माझ्या ओळखीचा आणि त्याच्या आजोळी घोडा होता हे मला माहीत नव्हतं. फक्कड गोष्ट होती. ती कशी लिहायची हे माझ्या डोक्यात तिथंच सुरू झालं.

तेवढ्यात आत फोन वाजला. मी पळालो. पडद्यावर लेकीचं नाव. बायकोही आली. आम्ही दोघं त्या वाजणाऱ्या फोनकडं बघत उभे. दोघंही मुके. शेवटी तिनंच तो उचलून, स्पीकरवर टाकून, आमच्या दोघांच्या मधे धरला.

"हॅलो? अप्पा? आई? कामून कुणी बोलंना?" मग तिला आठवलं. "अगं बाई, सोमवार हाय न्हाई का. बोलू नगा, बोलू नगा. मीच बोलतेय."

आणि ती बोलत सुटली. माझीच लेक ती. म्हणाली, ऑफिसच्या जिन्यात येऊन वाचलं, दोनदा वाचलं, बिबट्या निघेल असं वाटलं होतं. अण्णा आजोबा गाडीच्या पलीकडं गेले तिथं इतकी हसली की वरून कुणीतरी येऊन विचारून गेलं, बरं आहे ना. मग तिचा आवाज जरा खाली आला. "अप्पा, ती म्हातारी परत कधी आली का ओ आपल्या दुकानात?"

आली होती. पुढच्याच बाजाराला आली होती, आणि तेव्हा काय झालं ती तर आणखी भारी गोष्ट आहे. माझं तोंड उघडलं. बायकोनं आपला हात त्यावर ठेवला.

"न्हाई, सांगू नगा," लेक तिकडून घाईनं म्हणाली. "लिव्हा. म्होरच्या सोमवारी. लिव्हताल ना?"

आता हो कसं म्हणायचं? मी इकडंतिकडं बघितलं. पाण्याच्या घागरीवर तो चुकीच्या नावाचा तांब्या होता. मी तो उचलला आणि फोनजवळ धरून पेरानं टकटक केलं. दोनदा.

मग पुण्यातल्या त्या ऑफिसच्या जिन्यातून, अगदी बारीक आवाजात, उत्तर आलं.

"म्यॅं."